साखर वरून घ्या, जी!

चिखल्यात कोणाच्याही अंगणात पाय ठेवा. "या जी, बसा" असे शब्द कानावर पडायच्या आत आतल्या खोलीतून गंजाचा आवाज येतो. गंजात पाणी पडते, पाण्यामागून साखर, मग चायपत्ती, मग असेल तर दूध. साखर नेहमी आधी आणि हात सैल सोडून. साखर मोजून टाकणे हे आमच्याकडे चिक्कूपणाचे लक्षण समजतात. चहा उकळून कपात येतो तेव्हा पिणाऱ्याच्या हातात काहीच उरलेले नसते. तो गोड असतो, आणि किती गोड हे दुसऱ्याने ठरवलेले असते.

वाचकहो, आज लिहायचे आहे ते याच गंजाबद्दल.

गेल्या पोळ्यापासून मी साखर सोडली. फार मोठा निश्चय वगैरे केला नव्हता. उपकेंद्रात तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तपासणी चालू होती, आशाताई दोनदा घरी येऊन गेल्या म्हणून गेलो. बोट टोचले, आकडा पाहिला, आणि ताई म्हणाल्या, "काका, अजून शुगर नाही, पण उंबरठ्यावर आहे. आत येऊ देऊ नका." आमच्या बोलीत साखरेला शक्कर म्हणतात आणि त्या रोगाला शुगर. एकाच वस्तूची दोन नावे. एक पाहुण्याला देतो आणि दुसरे डॉक्टर आपल्याला देतो.

पहिला आठवडा वाईट गेला. दुपारी डोके धरायचे, घरात विनाकारण चिडचिड. बायको म्हणाली, "साखर सोडली का अक्कल?" पंधरा-वीस दिवसांनी मात्र जीभ बदलली. दुधालाच स्वतःची गोडी असते हे इतक्या वर्षांत कळले नव्हते. तलावातले उकडलेले शिंगाडे खाल्ले तर ते चक्क गोड लागले. पूर्वी चवीला नुसते पीठ वाटायचे. कोणी आग्रह केला म्हणून जुन्या पद्धतीचा चहा एकदा घेतला तर घशाखाली उतरेना. जिभेचे काम एवढेच आहे, ती तीन आठवड्यांत शिकते.

गाव शिकत नाही, आणि मला सांगायचे आहे ते हेच. साखर सोडण्याबद्दल शहरातल्या मासिकांत जे लिहून येते ते वाचले तर वाटते की सगळा प्रश्न मनाच्या ताकदीचा आहे. तिथे माणूस आपला चहा आपण करतो. इथे दिवसाचे निम्मे कप दुसऱ्याच्या घरचे असतात. कोणाची जमीन मोजायची, कोणाची सोयरीक बघायची, कोणाचा बैल आजारी, प्रत्येक ठिकाणी चहा. पोरगी पास झाली, तोंड गोड करा. नवा ट्रॅक्टर आला, तोंड गोड करा. आणि नाही म्हटले तर?

"काहून जी, आमच्या घरची चाय चालत नाही का?"

हा प्रश्न साधा नाही. ज्यांनी खेड्यात आयुष्य काढले त्यांना तो कुठून येतो हे सांगावे लागणार नाही. ज्या गावात कोण कोणाच्या घरचे पाणी पितो यावरून माणसाची पायरी ठरत होती, त्या गावात चहाला नाही म्हणणे म्हणजे घराला नाही म्हणणे. दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत काही घरांत काहींसाठी कप वेगळा असे आणि तो पडवीच्या वळचणीला खोचलेला असे. आमच्या वडिलांच्या पिढीतल्या काही लोकांनी मुद्दाम वस्तीत जाऊन चहा प्यायला सुरुवात केली, त्यावरून भांडणे झाली, बोलाचाली बंद झाल्या. इतक्या कष्टाने जो कप एक झाला तो मी "मला शुगरचा धोका आहे" म्हणून परत कसा करू?

एका घरी असेच झाले. मी म्हटले, बिनसाखरेचा द्या. त्या माउलीचा चेहरा उतरला. गंजात साखर पडून गेली होती. ती उठली, दुसरा गंज शोधू लागली, दूध तेवढेच होते ते संपलेले. मग शेजारून दूध आणायला पोराला पिटाळले. मला इतकी लाज वाटली की मी तोच गोड चहा मागून घेतला आणि पिऊन टाकला. घरी येऊन स्वतःवर चिडलो. पण आजही वाटते, त्या दिवशी दुसरे काही करता आले नसते. तेव्हापासून एक रीत ठेवली आहे. कोणाच्याही घरी गेलो की बसायच्या आधीच म्हणतो, "आधी पाणी द्या जी, मोठा तांब्या भरून." पाणी पिऊन झाले की मग चहाचे बोलतो. पाणी प्यालेल्या माणसाने चहा फिका मागितला तर मन दुखत नाही, असा माझा अनुभव आहे.

मयतीच्या घरी मात्र अजून इलाज सापडलेला नाही. तिथे जो मिळतो तो घेतो.

आता थोडा हिशोब करू. चहाचे दोन चमचे साखर म्हणजे साधारण दहा ग्रॅम. सकाळी उठल्यावर एक कप, बांधीवर निघताना एक, दुपारी एक, संध्याकाळी चौकात एक आणि कोणाकडे टेकलो तर एक. पाच कप, पन्नास ग्रॅम. महिन्याला दीड किलो, वर्षाला अठरा किलोच्या वर. ही एका माणसाची आणि नुसत्या चहातली साखर झाली; बिस्किट, लग्नातली बुंदी, मंडईतली जिलेबी यात धरलेली नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वे काढली त्यांत वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत ठेवा असे म्हटले आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ मध्ये जवळपास हाच आकडा चांगला म्हणून सांगितला होता. म्हणजे तिसरा कप हाती घेतला की दिवसाचा कोटा ओलांडला.

तुम्ही म्हणाल, आमचे आजे-पणजे गोड खात नव्हते का? खात होते, पण साखर मिळत कुठे होती. राशन कार्डावर मोजून मिळायची, लग्नकार्य असले की जास्तीच्या साखरेसाठी तहसील कार्यालयाचे परमिट काढावे लागायचे. आणि खाल्लेले जिरवायला काम होते. नांगरणी बैलांची, रोवणा हाताचा, कापणी विळ्याची, चुरणा बैलांचा. आता चिखलणी ट्रॅक्टरने होते, धान हार्वेस्टर कापून देतो आणि बांधी पाहायलाही आपण मोटरसायकलवर जातो. काम गेले पण चहा राहिला, उलट वाढला. रोवण्याला दिवसभर पाण्यात वाकणाऱ्या बाईच्या कपात दोन चमचे साखर पडली तर मी तिला काही बोलणार नाही. धुऱ्यावर छत्री घेऊन उभा राहणारा तिच्याइतकाच गोड चहा पितो, अडचण त्याची आहे. तो धुऱ्यावरचा माणूस बहुतेक वेळा मीच असतो.

शुगर हा शहरातल्या शेठ लोकांचा रोग, ही समजूतही आता सोडली पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक लोक आहेत असा अंदाज त्यात निघाला. रोग जडलेल्यांचे प्रमाण शहरात जास्त आहे, १६.४ टक्के, ग्रामीण भागात ८.९. पण उंबरठ्यावर उभे असलेले किती, हे पाहिले तर शहर आणि खेडे जवळपास बरोबरीत आहेत, दोन्हीकडे १५ टक्क्यांच्या थोडे वर. म्हणजे आपल्याकडची रांग दाराबाहेर लागलेली आहे, आत जायची बाकी आहे.

गंज एकीकडे, तर दुसरीकडे दुकानातले तोरण. गावातल्या कोणत्याही किराणा दुकानापुढे उभे राहा, पाच-पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा दारावर अशा लोंबत असतात की दुकानदाराचे तोंड दिसत नाही. आजी नातवाला पाच रुपये देते ते प्रेमानेच देते. पोरगा पाकीट फोडतो, रस्त्यावरच संपवतो आणि घरी भाजी-भाकरीला नाही म्हणतो. आई म्हणते, "हा काही खातच नाही जी." तो खातो, पण ते आपल्या डोळ्यांदेखत खात नाही.

साखर सोडायची ठरवल्यावर मी पुड्यांच्या पाठीमागचे बारीक अक्षर वाचायला लागलो. चष्मा लागतो, पण वाचा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. जे सर्वांत जास्त ते सर्वांत आधी. गोड बिस्किटात पहिला मैदा, आणि साखर व पामतेल त्याच्या मागोमाग. शंभर ग्रॅममागे वीस-पंचवीस ग्रॅम साखर, म्हणजे पुड्याचा जवळजवळ चौथा हिस्सा. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, माल्टोडेक्सट्रिन अशी नावे दिसली तर तीही त्याच घरातली समजा. आणि हेच बिस्किट आपण दवाखान्यात आजाऱ्याला भेटायला जाताना घेऊन जातो.

दुकानदार माझा शेजारी आहे, त्याला विचारले, फुटाणे-मुरमुरे का ठेवत नाहीस? तो म्हणाला, "ठेवतो ना भाऊ, मागच्या बाजूला डबा आहे. पण पुडी बांधत बसाले वेळ कोणाले? अन् पोट्टे मागतबी नाहीत." त्याचे खोटे नाही. पाकीट टांगले की आपोआप विकले जाते, फुटाण्याला माणूस लागतो. सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना मात्र एक सांगतो (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे, पण तोंडात जुनेच नाव बसले आहे). अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे शाळेच्या आवारात आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत जास्त साखर, मीठ आणि चरबीचे पदार्थ मुलांना विकायचे नाहीत. आपल्याकडे दुकान शाळेच्या अगदी समोरच असते. त्या गरीब दुकानदाराच्या मागे कोणी अधिकारी लावावा असे मी मुळीच म्हणत नाही. त्याला बोलावून चहा पाजा आणि एवढेच सांगा की माळ आत टांग आणि फुटाण्याचा डबा पुढे घे. मे २०२५ मध्ये केंद्रीय बोर्डाने आपल्या शाळांना, कशात किती साखर ते दाखवणारे 'शुगर बोर्ड' लावायला सांगितले. जिल्हा परिषदेच्या शाळेला ते लागू नाही, पण आपल्या गुरुजींजवळ फळा आहे, खडू आहे.

शासनालाही जाता जाता एक चिमटा. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला, त्यात रवा, चणाडाळ, साखर प्रत्येकी किलो आणि लिटरभर पामतेल. गरिबाच्या घरी सणाला गोडधोड व्हावे ही भावना चांगलीच होती आणि लोकांनी रांगा लावून घेतला, मीही त्यात दोष पाहत नाही. पण गरिबाचा आनंद म्हटला की साखर आणि तेलच का आठवते? ज्या जिल्ह्यात जवस पिकतो, तीळ पिकतो, तिथल्या पिशवीत त्यातले काही टाकावे असे कोणालाच कसे सुचत नाही?

आता काही गोष्टी ज्यांत मी स्वतः फसलो. पहिली, गूळ. साखर सोडली म्हणून दोन महिने गुळाचा चहा प्यालो आणि मोठा शहाणा समजत होतो. गुळात थोडेफार लोह वगैरे असेल, पण मुख्य भाग साखरेचाच. ज्याला शुगर आहे त्याच्या रक्ताला गूळ, मध आणि साखर यांतला फरक फारसा कळत नाही. वाळल्या मोहफुलांचे लाडू आपल्याकडे होतात, चवीला सुरेख, पण त्यांची गोडीही साखरेचीच आहे. सणाला एक खावा, औषध म्हणून चार खाऊ नयेत.

दुसरी गोष्ट सांगताना जीभ अडखळते, कारण मी धानवाला आहे. साखर सोडली आणि ताटात भाताचा डोंगर तसाच ठेवला तर अर्धेच काम झाले. पांढरा स्वच्छ पॉलिश केलेला भात पोटात जाऊन साखरच होतो, आणि आपण तो दोन्ही वेळा खातो. भात सोडा असे मी म्हणणार नाही, भंडारा जिल्ह्यात बसून ते शोभणारही नाही. मी एवढेच केले की भाताचा वाटा कमी केला आणि वरणाचा, भाजीचा वाढवला. गिरणीवाल्याला घरच्या खाण्याचा तांदूळ कमी पॉलिश करायला सांगितले, तर तो माझ्याकडे वेड्यासारखा पाहत राहिला.

तिसरी गोष्ट, ऐकीव पथ्ये. आपल्या नागपूरकडचे डॉ. श्रीकांत जिचकार आहाराबद्दल व्याख्याने देत. त्यांच्याच विचारांवर पुढे लातूरच्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दिवसात दोनदाच जेवण्याची मोहीम चालवली, आणि मध्यंतरी घराघरांत 'दीक्षित की दिवेकर' असा वाद रंगला होता. डॉक्टर मंडळींत त्यावर एकमत नाही, तिथे मी कोण सांगणार. पाकिटातल्या खाऊची बाजू मात्र त्यांच्यापैकी कोणीच घेत नाही. एक इशारा जरूर देतो. ज्यांना शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी पेपरात वाचून एकदम जेवण-गोड तोडू नये. औषध तेवढेच आणि खाणे कमी झाले तर रक्तातली साखर घसरते, घाम सुटतो, हातपाय थरथरतात. तसे झाले तर पथ्य बाजूला ठेवून तत्काळ साखर खायची आणि मग दवाखाना गाठायचा.

आणि हो, साखर सोडली म्हणून छाती फुगवून सांगणारे आमचे काही मित्र तोंडातला खर्रा न थुंकता ते सांगतात. त्यांच्याबद्दल पुन्हा कधी.

माझा आकडा उतरला का? उतरला. पण तो नुसत्या साखरेमुळे उतरला असे छापून देणे खोटे ठरेल, कारण भातही कमी केला होता आणि यंदा मजूर मिळाले नाहीत म्हणून रोवण्यालाही मी स्वतः वाकलो होतो. आणि मंडईला दंडार पाहताना रात्री दोन वाजता गरम जिलेबी खाल्ली, तीही कबूल करतो. पावशेर.

कोणी म्हणेल, महाराष्ट्रासारख्या उसाच्या राज्यात शेतकऱ्यानेच साखरेविरुद्ध लिहावे? आपल्या जिल्ह्यातही देव्हाड्याला साखर कारखाना आहे, ऊसवाला माझा भाऊच आहे. पण उसाचे आता इथेनॉलही होते, २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत ते मिसळले गेले. आणि आपल्या चहातून एक चमचा कमी झाल्याने कारखान्याचे बॉयलर थंड होणार नाही. उसाला भाव मिळावा यासाठी लढू, पण त्यासाठी पाच कप गोड चहा प्यायलाच पाहिजे असे कुठे लिहिले आहे?

तर मागणे काय? कोणाला साखर सोडा म्हणत नाही. ज्याला हवी त्याने दोन काय, तीन चमचे घ्यावे. फक्त ती गंजात टाकू नका. चहा बिनसाखरेचा उकळा आणि साखर वरून द्या. एवढ्याने ज्याला शुगर आहे त्याला सगळ्यांपुढे आपला रोग सांगावा लागणार नाही, ज्याला कमी हवी तो कमी घेईल, आणि कोणाच्या घरचा कप परत जाणार नाही. म्हातारी माणसे आज संकोचाने गोड चहा पितात आणि घरी जाऊन एक गोळी जास्त घेतात. तो प्रकार थांबेल. पाहुण्याचा मान कमी होतो म्हणाल तर उलट आहे, किती गोड ते पाहुण्याला विचारण्यात जास्त मान आहे.

सुरुवात घरापासून होणार नाही, हे अनुभवाने सांगतो. घरची बाई एकटी हे करू शकत नाही; फिका चहा दिला म्हणून तिलाच नावे ठेवतील. सुरुवात जिथे चहा सार्वजनिक आहे तिथून व्हावी. ग्रामसभा, सोसायटीची सभा, धान खरेदी केंद्रावरची रांग, बचत गटाची बैठक, तेरवीचा मंडप. खाणीतून पाळी सुटल्यावर जिथे लोक घोळक्याने चहा पितात त्या टपऱ्या. चिखला, डोंगरी, गोबरवाही या पट्ट्यात पाळीचा भोंगा आणि चहाची किटली यांची गाठ फार जुनी आहे. तिथे एका टपरीवाल्याने जरी साखर वेगळी ठेवली तरी शंभर माणसांना ती रोज दिसेल.

सरपंच, पोलीस पाटील, तलाठी भाऊसाहेब, येत्या ग्रामसभेत हे करून पाहायला ठरावाचीही गरज नाही. दोन किटल्या लागत नाहीत. किटली तीच, दूध तेच, चायपत्ती तीच. कोतवालाला सांगून टेबलावर एक झाकणाची वाटी आणि चार चमचे ठेवून घ्या, माश्या बसणार नाहीत असे पाहा, आणि पहिला कप ज्याच्या हातात जाईल त्याला विचारा, "किती टाकू जी?"